मेंदूची साल

आमच्या आळींत एक वृद्ध गुरुजी राहतात. चाळीस वर्षें त्यांनीं गणित शिकविलें. तीन वर्षांपूर्वीं एके दिवशीं सकाळीं दांत घासतां घासतां त्यांचा उजवा हात एकाएकीं लुळा पडला, तोंड एका बाजूस ओढलें गेलें, आणि हांक मारावी म्हणून ओंठ उघडले तों शब्द फुटेना. घरच्यांनीं 'अंगावरून वारें गेलें' असें म्हणून तेल चोळलें. रुग्णालयांत नेईतों दुपार झाली. गुरुजी वांचले. पुढें काठी टेकीत चालूंही लागले. परंतु वाणी म्हणून जी परत आली ती केवळ दोन शब्दांची, "बरं का." पाणी पाहिजे असलें तरी "बरं का", राग आला तरी "बरं का", नातू परीक्षेंत उत्तीर्ण झाल्याचें कळलें तेव्हांही डोळ्यांत पाणी आणून "बरं का."

भेटीस येणारे लोक त्यांच्याशीं मोठ्यानें ओरडून बोलतात, जणूं ते बहिरे आहेत, किंवा त्यांच्या समक्षच घरच्यांस विचारतात, "ह्यांना आतां कांहीं कळतं का हो?" गुरुजींना सर्व कळतें. नातवानें गुणाकारांत चूक केली कीं ते डाव्या हाताची तर्जनी नेमकी त्या चुकलेल्या आंकड्यावर ठेवतात. मग बोलणें गेलें आणि गणित राहिलें, हें कसें? मेंदू एकच, त्यास झालेली इजाही एकच. तिनें सारी बुद्धि सारख्या प्रमाणांत कमी व्हावयास नको होती काय? विद्यार्थिमित्रांनो, ह्या प्रश्नाचें उत्तर मेंदूच्या अगदीं बाहेरच्या एका पातळ थरांत आहे. त्या थराची ओळख करून देण्याचा येथें विचार आहे.

ज्यांनीं बाजारांत बकऱ्याचा भेजा पाहिला असेल त्यांस मेंदूचें बाह्य स्वरूप निराळें सांगावयास नको. रंग करडा-गुलाबी, पृष्ठभाग वळ्यावळ्यांचा, आणि हातांत घेतला तर लोण्यासारखा मऊ. माणसाचा मेंदू घडणीनें असाच, परंतु वजनानें दहा-बारा पट, म्हणजे सुमारें १,३०० ते १,४०० ग्रॅम. आणि त्याच्या वळ्याही अधिक दाट. असा भेजा कांहीं दिवस फॉर्मॅलिनच्या द्रवांत ठेवून घट्ट केला व धारदार सुरीनें आडवा कापला, तर आंत दोन रंग स्पष्ट दिसतात. आंतील बाजूस मुख्यत्वें पांढरें द्रव्य, आणि कडेकडेनें, प्रत्येक वळीवर चढत व प्रत्येक खांचेंत उतरत जाणारी, एक करडी किनार. ही किनार म्हणजेच मोठ्या मेंदूची साल होय. लॅटिन भाषेंत झाडाच्या सालीस कॉर्टेक्स म्हणतात. तेंच नांव शास्त्रज्ञांनीं हिला दिलें. नांव थोडें फसवें आहे. साल म्हटली कीं सोलून टाकण्याची वस्तु डोळ्यांपुढें येते. येथें गोष्ट अगदीं उलट आहे.

ह्या सालीची जाडी जागोजाग निराळी, तरी साधारणपणें दोन ते चार मिलिमीटर, म्हणजे शाळकरी पाटीच्या दगडाएवढी असते. सर्व वळ्या उलगडून ती सपाट पसरतां आली, तर सुमारें एक हात लांब व एक हात रुंद असा चौकोन होईल. घरीं जाऊन एक मोठा हातरुमाल घ्या आणि तो लहानशा लोट्यांत बसवून पाहा. चुरगळल्यावांचून, घड्या पडल्यावांचून तो आंत जाणार नाहीं. कवटीच्या लोट्यांत हा रुमाल असाच कोंबून बसविलेला आहे. त्याचा सुमारें दोन-तृतीयांश भाग खांचांच्या आंत दडलेला असून बाहेरून दिसत नाहीं.

ह्या रुमालाच्या विणींत सुमारें १६ अब्ज मज्जापेशी आहेत. संपूर्ण मेंदूंतील पेशींची गणती सुमारें ८६ अब्ज भरते, आणि तींतील बहुतेक पेशी, आश्चर्य असें कीं, मानेजवळच्या लहान मेंदूंत आहेत. ही मोजदाद २००९ सालीं ब्राझील देशांतील शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केली. त्यांनीं मेंदूचा एकजीव द्रव बनविला, त्यांत पेशींचीं केंद्रें सारखीं मिसळूं दिलीं, आणि थोड्याशा नमुन्यांतील केंद्रें मोजून सर्वांचा हिशेब काढला. दाण्यांची रास मोजावयाची तर एक शेर मोजून बाकीचा हिशेब करावा, तसलाच हा प्रकार! एकेक पेशी हजारों इतर पेशींशीं जोडलेली असते. सूक्ष्मदर्शकाखालीं पाहिलें असतां सालीच्या बहुतेक भागांत ह्या पेशी एकावर एक अशा सहा थरांत मांडलेल्या आढळतात. एखादा थर मुख्यतः बाहेरून येणारे संदेश घेतो, दुसरा मुख्यतः आज्ञा बाहेर धाडतो. आंतील पांढरें द्रव्य म्हणजे त्या संदेशांच्या तारा.

थरांची जाडी व दाटी सर्वत्र सारखी नसते. ह्याच फरकावरून कोर्बिनिआन ब्रोडमान ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १९०९ सालीं सालीचे प्रांत पाडले व त्यांस ५२ पर्यंत क्रमांक दिले. ते क्रमांक वैद्यकांत अजून वापरांत आहेत. मात्र २०१६ सालीं नव्या साधनांनीं केलेल्या पाहणींत मेंदूच्या प्रत्येक अर्धांत १८० प्रांत मोजले गेले. मोठे विभाग तेवढे प्रत्येकानें लक्षांत ठेवावे. कपाळामागें ललाटखंड, माथ्याखालीं पार्श्वखंड, कानशिलाच्या आंत शंखखंड, व डोक्याच्या मागच्या बाजूस पश्चखंड. आणि हे चारही उजवीकडे व डावीकडे असे दोन-दोन.

परंतु कोणत्या प्रांताचें काम कोणतें, हें कळलें कसें? पेशींवर तर कामाचें नांव लिहिलेलें नसतें. सांगावयास दुःख वाटतें, पण हा नकाशा बहुतांशीं जखमी व आजारी माणसांनीं काढून दिला आहे.

१९०४-०५ सालीं रशिया व जपान ह्यांचें युद्ध झालें. तात्सुजी इनोउये नांवाच्या एका तरुण जपानी नेत्रवैद्याकडे असें काम आलें कीं, डोक्यास गोळी लागून दृष्टि अधू झालेल्या सैनिकांची तपासणी करून, कोणाची किती दृष्टि गेली तें पेन्शनसाठीं ठरवावें. रशियन बंदुकीची गोळी बारीक व फार वेगवान असे. ती कित्येकांच्या कवटींत एका अंगानें शिरून दुसऱ्या अंगानें निघून गेली होती, आणि तरी ते जिवंत होते. इनोउयेनें गोळी शिरल्याची व निघाल्याची अशा दोन खुणा सरळ रेषेनें जोडून, वाटेंत मेंदूचा कोणता भाग सांपडला असेल तें मोजलें, व त्या सैनिकास समोरच्या दृश्याचा कोणता तुकडा दिसत नाहीं तें त्याशेजारीं मांडलें. अशा अनेक माणसांवरून पश्चखंडाचा नकाशा तयार झाला. डोळे शाबूत असतांही माणूस आंधळा होऊं शकतो. पश्चखंडाचा उजवा भाग गेला तर दोन्ही डोळ्यांस डावीकडचें अर्धें जग दिसेनासें होतें. आणि आपण ज्या बिंदूवर नजर रोखतों, त्या इवल्याशा मध्यभागासाठीं सालीची पुष्कळ मोठी जागा राखलेली असते. पेन्शनच्या कचेरींतील रुक्ष कामांतून एवढें ज्ञान निघालें. १९०९ सालीं त्यानें तें प्रसिद्ध केलें.

दुसरा नकाशा हालचालींचा व स्पर्शाचा. ललाटखंड व पार्श्वखंड ह्यांच्या सीमेवर एक खोल खांच माथ्यापासून कानाच्या रोखानें खालीं येते. तिच्या पुढच्या वळींतून स्नायूंस आज्ञा सुटतात, मागच्या वळीवर अंगाचा स्पर्श उमटतो. कॅनडांतील माँट्रिअल येथील शस्त्रवैद्य वाइल्डर पेनफील्ड हे अपस्माराच्या रोग्यांवर शस्त्रक्रिया करीत. मेंदूस स्वतःस वेदना होत नाहींत, म्हणून डोक्याची कातडी तेवढी बधिर करून रोग्यास जागें ठेवतां येई. मेंदूचा रोगट भाग कापतांना चांगला भाग कापला जाऊं नये यासाठीं ते विजेच्या बारीक टोंकानें जागोजाग हलकेच स्पर्श करीत आणि काय होतें तें विचारीत. एके ठिकाणीं स्पर्श केला तर अंगठा आपोआप हले. दुसरीकडे केला तर रोगी म्हणे, माझ्या ओंठाला मुंग्या आल्या. १९३७ सालीं त्यांनीं व त्यांच्या सहकाऱ्यानें ह्या नोंदी प्रसिद्ध केल्या. वळीवर सर्व शरीर जणूं उलटें टांगलेलें आहे. पायाची जागा माथ्याशीं, दोन अर्धांमधील फटींत आंतल्या अंगास. तेथून बाहेर व खालीं येतांना धड, हात, बोटें, चेहरा, जीभ. जागेची वांटणी मात्र अवयवाच्या आकारावर नाहीं, त्याच्या कौशल्यावर आहे. संपूर्ण पाठीला चिमुकला तुकडा, आणि बोटांना व ओंठांना मोठमोठे वतन!

येथें एक गोष्ट ध्यानांत धरावी. ह्या आज्ञा नेणाऱ्या बहुतेक तारा मेंदूच्या बुडाशीं एकमेकींस छेदून पलीकडे जातात. त्यामुळें डावा मेंदू उजवें अंग चालवितो व उजवा डावें. आतां गुरुजींकडे पाहूं. त्यांचा उजवा हात निकामी झाला, म्हणजे इजा डावीकडे. हात व चेहरा ह्यांची जागा मेंदूच्या बाहेरील कुशीवर असून तिला एक मोठी रक्तवाहिनी रक्त पुरविते. पायाची जागा फटीच्या आंत असून तिचा पुरवठा दुसऱ्या वाहिनीकडे आहे. बाहेरच्या वाहिनींत गुठळी अडकली, म्हणून हात गेला आणि पाय बराचसा वांचला. गुरुजी काठी टेकीत चालतात त्याचें कारण हें. आणि त्याच वाहिनीच्या पाटावर, हाताच्या जागेपासून थोडें पुढें व खालीं, वाणीचें शेत आहे.

त्या शेताचा शोध पॅरिस येथें लागला. बिसेत्र नांवाच्या रुग्णालयांत लबोर्न नांवाचा एक रोगी होता. त्यास 'तान' ह्या एका उच्चाराखेरीज दुसरें जवळजवळ कांहीं बोलतां येत नसे. सर्वजण त्यास 'तान' ह्याच नांवानें ओळखीत. १८६१ च्या एप्रिल महिन्यांत पायाच्या भयंकर विकारामुळें त्यास पॉल ब्रोका ह्या शस्त्रवैद्याकडे आणलें. येथें किती काळ आहांत, असें ब्रोकांनीं विचारतांच त्यानें पंजा चार वेळां उघडला आणि मग एक बोट दाखविलें. एकवीस वर्षें! उत्तर बरोबर होतें. दुसऱ्या दिवशीं तोच प्रश्न, तेंच उत्तर. तिसऱ्यांदा विचारलें तेव्हां, हा आपली परीक्षा पाहतो आहे हें ओळखून तो संतापला. ज्या माणसास परीक्षा घेतली जात असल्याचें कळतें व त्याचा राग येतो, त्याची बुद्धि गेली असें कोण म्हणेल? आठवड्याच्या आंत तो मरण पावला. ब्रोकांनीं मेंदू पाहिला, तों डाव्या ललाटखंडाच्या खालच्या भागांत सालीचा एक प्रदेश नष्ट झालेला आढळला. पुढें असेच आणखी रोगी पाहून त्यांनीं निष्कर्ष काढला कीं, आपण बोलतों तें डाव्या मेंदूनें.

ह्यापूर्वीं अर्धें शतक युरोपांत कवटीवरचे उंचवटे चांचपून मनुष्याचे गुण सांगणाऱ्यांचा सुळसुळाट झाला होता. मेंदूच्या निरनिराळ्या भागांस निरनिराळीं कामें असावींत ही त्यांची कल्पना अगदींच चूक नव्हती. परंतु डोकें चांचपून तें कळत नाहीं, इतकी साधी गोष्ट त्यांनीं पडताळून पाहिली नाहीं. ब्रोकांनीं पडताळलें, हा फरक. तथापि ब्रोकांचेंही सर्वच म्हणणें टिकलें नाहीं. तो मेंदू त्यांनीं न कापतां जपून ठेवला होता. २००७ सालीं, म्हणजे जवळजवळ दीडशें वर्षांनीं, चुंबकीय यंत्रानें त्याचीं अंतर्भागाचीं चित्रें घेण्यांत आलीं, तेव्हां इजा सालीखालीं पांढऱ्या द्रव्यांतही खोलवर गेलेली दिसली. वाणी ही एका चौकींत बसलेली नाहीं, चौक्या आणि त्यांना जोडणारे रस्ते मिळून ती होते. दुसरी अशी चौकी कार्ल व्हेर्निके ह्या जर्मन वैद्यानें १८७४ सालीं दाखविली. ती डाव्या शंखखंडाच्या मागच्या बाजूस आहे. तेथें इजा झालेला मनुष्य भराभर बोलतो, पण बोलण्यास अर्थ नसतो, आणि दुसऱ्याचें बोलणें त्यास नीट समजत नाहीं. अशा मनुष्यास लोक वेडा समजतात. तोही वेडा नसतो.

गणिताच्या जागा पुष्कळ अंशीं वेगळ्या, पार्श्वखंडांत आहेत. इंग्लंडमध्यें भाषेची रचनाशक्ति गमावलेल्या तीन रोग्यांस गणितें घालून पाहिलीं. साधें वाक्य ज्यांस नीट उमगत नव्हतें त्यांनीं वजाबाक्या केल्या, कंसही सोडविले. हें २००५ सालीं प्रसिद्ध झालें. गुरुजींची तर्जनी आंकड्यावर नेमकी कां पडते हें आतां समजेल.

डावखुऱ्या मुलांच्या आईबापांसाठीं थोडें विषयांतर करतों. उजव्या हातानें लिहिणाऱ्यांपैकीं बहुतेक सर्वांची वाणी डाव्या मेंदूंत असते; डावखुऱ्यांतही बहुसंख्यांची तेथेंच असते, कांहींची मात्र उजवीकडे किंवा दोहींकडे. डावखुरेपणा ही खोड नव्हे, मेंदूच्या घडणींतील एक प्रकार आहे. हातावर छडी मारून ती घडण बदलत नाहीं, मूल मात्र रडतें.

ललाटखंडाचा सर्वांत पुढचा भाग योजना करणें, आवर घालणें, पुढचा विचार करणें हीं कामें करतो. ह्या संबंधांत फिनिअस गेज नांवाच्या अमेरिकन मुकादमाची गोष्ट नेहमीं सांगतात. १८४८ सालीं सुरुंग ठासतांना मीटरभराहून लांब पहार त्याच्या गालांतून शिरून डोक्यांतून बाहेर पडली. तो वांचला, परंतु पूर्वींचा संयमी गेज राहिला नाहीं, असें त्याच्या वैद्यानें लिहिलें. पुस्तकांत गोष्ट येथें थांबते. वस्तुतः तो पुढें साडेअकरा वर्षें जगला व त्यांतील कित्येक वर्षें चिली देशांत त्यानें घोड्यांची टपालगाडी हांकली; तें काम बेतालाच्या हातून होण्यासारखें नव्हे. हा भाग सर्वांच्या शेवटीं, पंचविशीच्या सुमारास, पक्व होतो. तेव्हां पंधरा वर्षांच्या मुलानें पन्नाशीच्या माणसासारखा विचार कां केला नाहीं, असें विचारणाऱ्या पालकांनीं थोडें सबुरीनें घ्यावें.

लहानपणीं साल किती लवचिक असते पाहा. तान्ह्या मुलाच्या डाव्या मेंदूस मोठी इजा झाली, तर पुष्कळदां वाणी उजव्या बाजूस आपलें घर करते आणि मूल बोलावयास शिकतें. वय वाढतें तसें हें स्थलांतर कठीण होतें. तरी मोठ्या वयांतही सरावानें शेजारचे भाग थोडाबहुत भार उचलतात, म्हणून वाचाउपचारतज्ज्ञाकडून शिकवणी चालू ठेवणें हें व्यर्थ नव्हे.

आतां त्या सकाळच्या तेलाविषयीं. तोंड वांकडें होणें, एक हात वर न राहणें, बोलणें अडखळणें किंवा थांबणें, ह्यांपैकीं कांहींही एकाएकीं झालें तर मेंदूची एखादी वाहिनी बंद झाली किंवा फुटली असें समजावें. कोणतें झालें हें बाहेरून कळत नाहीं. यंत्रानें मेंदूचें चित्र घ्यावें लागतें. गुठळी असेल तर ती विरघळविणारें औषध आहे, परंतु तें पहिल्या साडेचार तासांच्या आंतच द्यावयाचें असतें, आणि त्यांतही जितकें लवकर तितकें बरें, कारण रक्त न मिळालेल्या पेशी दर मिनिटास मरत असतात. म्हणून रुग्णास तोंडावाटें कांहीं देऊं नये, चोळीत बसूं नये, लक्षण केव्हां सुरू झालें ती वेळ ध्यानांत ठेवावी आणि मेंदूचें चित्र घेण्याची सोय असलेलें रुग्णालय गांठावें. गुरुजींच्या घरीं घड्याळ होतें, मोटारही शेजारीं उभी होती. माहिती मात्र कोणासही नव्हती, मलाही नव्हती.

आणि ज्याची वाणी गेली आहे त्याच्याशीं ओरडून नव्हे, सावकाश बोलावें. 'होय' किंवा 'नाहीं' एवढ्यानें भागेल असा प्रश्न करावा. उत्तरास वेळ द्यावा.

गुरुजींची आणखी एक गोष्ट सांगावयाची राहिली. संध्याकाळीं त्यांच्या घरीं भजन होतें. आजारानंतर कांहीं महिन्यांनीं एकदां मी तेथें बसलों होतों. सूनबाईंनीं अभंग धरला, दुसऱ्या चरणाला एक खरखरीत पुरुषी आवाज त्यांत मिसळला, आणि आम्हीं सर्वांनीं मागें वळून पाहिलें. गुरुजी गात होते. "बरं का" नव्हे, अभंगाचे शब्द, एकामागून एक, चालीसह. अठराव्या शतकांत स्वीडनमधील एका मुक्या झालेल्या रोग्यानें प्रार्थनागीतें अशींच स्पष्ट म्हटल्याची नोंद आहे, आणि तेव्हांपासून हा प्रकार वैद्यांनीं वारंवार पाहिला आहे. सुरांच्या कामांत उजव्या मेंदूचा मोठा वांटा असतो, आणि वर्षानुवर्षें घोकलेलीं पदें नव्यानें वाक्य जुळविण्याच्या वाटेनें जात नाहींत. एवढें सांगतां येतें. त्या दोहोंपैकीं कशाचा हात अधिक, ह्यावर अजून वाद चालूं आहे.

अभंग संपला. नातवानें विचारलें, "आजोबा, हा कोणाचा हो?" गुरुजींनीं ओंठ हलविले, मान हलविली, आणि "बरं का" म्हणाले. मग काठी घेऊन उठले, कपाटापर्यंत गेले, आणि डाव्या हातानें तुकोबांची गाथा काढून नातवाच्या मांडीवर ठेवली.